मुंबईचे कोळी

मुंबई बेटाचे आद्य रहिवासी मानले जाणारे दर्यावर्दी मच्छीमार लोक. कुलाबा, मांडवी, माझगाव, शिवडी, वरळी, माहीम, शीव व धारावी येथे त्यांच्या जुन्या वसाहती असून त्यांना ‘कोळीवाडा’ अशी संज्ञा आहे. गिरगाव, परळ, लालबाग, दादर या भागांतील त्यांची वस्ती शहराच्या वाढीबरोबर विरळ झाली. तथापि तेथील बाजार, देवस्थाने आणि स्थलनामे यांवर त्यांचा ठसा अद्याप दिसतो. मुंबईचा इतिहास सामान्यतः सात बेटे जोडून निर्माण केलेल्या भूमीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ही भूमी ज्या उथळ पाण्यातून, खाड्यांतून व पुळणींतून उभी राहिली, ते कोळ्यांचे निर्वाहाचे क्षेत्र होते. शहराची जमीन जसजशी वाढत गेली, तसतसा कोळ्यांचा किनारा आकसत गेला. त्यामुळे त्यांचा इतिहास हा मुंबईच्या इतिहासाची दुसरी बाजू ठरतो.

नाव व उपशाखा : ‘कोळी’ हे नाव महाराष्ट्र व गुजरात यांतील अनेक भिन्न समूहांना लावले जाते. सह्याद्रीच्या परिसरातील महादेव कोळी व मल्हार कोळी हे प्रामुख्याने शेती व वनसंपत्ती यांवर जगणारे असून त्यांचा अंतर्भाव अनुसूचित जमातींत होतो. समुद्रकाठचे कोळी यांहून वेगळे. त्यांत सोनकोळी ही मुंबई व तिच्या आसपासच्या किनाऱ्यावरील प्रमुख शाखा असून वैती, मांगेला व ख्रिस्ती कोळी हे अन्य मच्छीमार गट होत. हे गट एकच व्यवसाय करीत असले, तरी त्यांच्यात पूर्वी बेटीव्यवहार होत नसे. महाराष्ट्र शासनाने मच्छीमार कोळ्यांचा समावेश विशेष मागास प्रवर्गात केला आहे. इंग्रजीतील ‘कुली’ हा हमालवाचक शब्द ‘कोळी’ या नावावरूनच आला असावा, असे काही विद्वानांचे मत आहे.

प्राचीन वसती : कोळी या बेटांवर केव्हा आले, यासंबंधी लिखित पुरावा नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस बिंब राजाने माहीम येथे राजधानी केली व त्याच्याबरोबर पाठारे प्रभू, पाचकळशी आदी लोक आले, अशी परंपरा आहे. या आगमनापूर्वीच कोळ्यांची तुरळक वस्ती बेटांवर होती, याविषयी जुन्या इतिहासकारांत एकवाक्यता दिसते. कोळ्यांनी स्वतःच्या आगमनाची बखर लिहिली नाही. त्यांच्या प्राचीनत्वाची साक्ष मुख्यतः स्थलनामांत व देवस्थानांत सापडते. जे. जेर्सन दा कुन्या व एस. एम. एडवर्ड्‌झ यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी या नामांचा विचार केला. कुलाबा हे नाव ‘कोळभाट’ या शब्दाचे रूपांतर होय, असे ते मानीत. गिरगावच्या पूर्वेस काळबादेवीलगत असलेल्या कावेल या वस्तीचे नाव ‘कोळवार’ म्हणजे कोळ्यांची वाडी यावरून, तर माझगाव हे ‘मच्छग्राम’ या शब्दावरून आले, असा त्यांचा तर्क होता. माझगावच्या व्युत्पत्तीबद्दल मतभेद आहेत; परंतु दक्षिण टोकाच्या कुलाब्यापासून उत्तरेच्या माहीमपर्यंत जवळजवळ प्रत्येक बेटावर कोळ्यांची वाडी होती, हे निर्विवाद आहे.

मुंबई हे नाव ज्या देवतेवरून आले, ती मुंबादेवी कोळ्यांची ग्रामदेवता. मुंगा नावाच्या कोळ्याने तिची स्थापना केली, अशी एक दंतकथा आहे. दुसऱ्या कथेनुसार मुंबारक नावाच्या उन्मत्त दैत्याचे देवीने निर्दालन केले व शरण आलेल्या त्या दैत्याच्या विनंतीवरून त्याचे नाव धारण केले. या दैत्याच्या रूपाने दिल्लीचा सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशाह (कार. १३१६–२०) याच्या आक्रमणाची आठवण लोकमानसात टिकून राहिली असावी, असे काही अभ्यासकांना वाटते. देवीचे मूळ स्थान आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात होते. अठराव्या शतकात किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे करण्यासाठी इंग्रजांनी ते तेथून हलविले आणि भुलेश्वरनजीक नवे देऊळ बांधण्यात आले. ज्या देवतेने शहराला नाव दिले, तिलाच शहरासाठी आपली जागा सोडावी लागली. पुढील दोन शतकांत तिच्या उपासकांच्या वाट्यालाही हेच आले.

पोर्तुगीज व इंग्रजी अंमल : १५३४ च्या वसईच्या तहाने गुजरातच्या बहादुरशाहाने ही बेटे पोर्तुगीजांना दिली. पोर्तुगीजांनी गावे जहागीरदारांना खंडाने लावून दिली व किनाऱ्यावरील कोळी या नव्या जमीनदारांचे आश्रित बनले. फ्रान्सिस्कन पंथीय धर्मोपदेशकांनी माहीम, दादर, कावेल इ. ठिकाणी धर्मप्रसार केला. माहीमचे सेंट मायकेल चर्च व दादरचे पोर्तुगीज चर्च (१५९६) ही या काळातील प्रमुख प्रार्थनास्थळे होत. धर्मांतर केलेल्या कोळ्यांनी नवी नावे स्वीकारली, तरी व्यवसाय, बोली, लग्नातील गाणी व बरेचसे कुळाचार कायम ठेवले. वांद्र्याच्या माउंट मेरीला कोळी ‘मोतमाउली’ म्हणतात. सप्टेंबरमधील तिच्या जत्रेला ख्रिस्ती कोळ्यांप्रमाणेच हिंदू कोळीही नवस फेडण्यास जातात. धर्म बदलला, तरी समुद्राचे भय व त्यापासून रक्षण करणाऱ्या मातेवरील श्रद्धा दोहोंत समान राहिली.

१६६१ च्या विवाहकराराने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली व १६६८ मध्ये ती वार्षिक १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. १६८९–९० मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकुतखानाने बेटाचा मोठा भाग व्यापला होता. त्यानंतर रोगराईने इंग्रजी शिबंदी क्षीण झाली असता सिद्दीच्या लोकांनी पुन्हा हल्ला केला. तेव्हा रुस्तुम दोराबजी या पारशी गृहस्थाने कोळ्यांची फौज उभारून तो परतविला व कंपनीने त्यास कोळ्यांवरील ‘पटेल’ हे पद दिले, असे पारशी परंपरा सांगते. हत्यार धरणारे कोळी होते. मान मात्र त्यांच्या पुढाऱ्यास मिळाला. लढणाऱ्या कोळ्यांपैकी कोणाचे नाव या वृत्तांतात येत नाही.

इंग्रजांच्या काळात बेटे जोडण्याचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले. मुंबई व वरळी या बेटांमधील मोठे खिंडार हॉर्नबी वेलार्ड या बांधाने १७८४ च्या सुमारास बुजविण्यात आले. कुलाब्याचा बांधरस्ता १८३८ मध्ये व माहीम–वांद्रे बांधरस्ता १८४५ मध्ये पूर्ण झाला. या बांधांमुळे बेटांच्या अंतर्भागात भरतीचे पाणी शिरणे थांबले. दलदली सुकल्या व परळ, लालबाग, भायखळा येथे वस्तीयोग्य व पुढे गिरण्यांसाठी योग्य अशी जमीन तयार झाली. आतल्या खाड्यांत जाळे टाकणाऱ्या कोळ्यांचा व्यवसाय अर्थातच तेथून उठला.

पूर्व किनाऱ्यावरील बदल अधिक वेगाने झाले. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. ससून डॉक (१८७५), प्रिन्सेस डॉक (१८८०), व्हिक्टोरिया डॉक व अलेक्झांड्रा डॉक (१९१४) या गोद्यांनी कुलाब्यापासून माझगावपर्यंतचा किनारा व्यापला. डोंगरी व मांडवी येथील कोळीवाडे समुद्रापासून तुटले व वखारींच्या दाटीत अडकले. १८९६ मध्ये प्लेगची साथ प्रथम मांडवी भागातच उद्‌भवली. तीनंतर स्थापन झालेल्या सुधारणा विश्वस्त मंडळाने (१८९८) दाट वस्त्या पाडून रस्ते काढण्याचे काम हाती घेतले आणि या भागाचे जुने स्वरूप पार बदलले. विसाव्या शतकात पश्चिमेकडील बॅकबे भरणीने मरीन ड्राइव्ह व नंतर नरीमन पॉइंट, कफ परेड हे भाग अस्तित्वात आले. तेथील उंच इमारतींच्या पायथ्याशी मच्छीमारनगर ही वस्ती आजही आहे.

व्यवसाय : कोळ्यांचे कालमापन भरती-ओहोटीवर चालते. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती यांवर त्यांचा पंधरवडा विभागलेला असतो. मुंबई परिसरातील पारंपरिक मासेमारीत ‘डोल’ या जाळ्यास विशेष महत्त्व आहे. रुंद तोंडाचे व टोकाकडे निमुळते होत गेलेले हे पिशवीसारखे जाळे समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडाशी पसरतात. प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, कोळंबी, मांदेली इ. मासे त्यात सापडतात. या पद्धतीत मासळीच्या मागे जावे लागत नाही. प्रवाहाचे अचूक ज्ञान मात्र अत्यावश्यक असते. उधाणाच्या दिवसांत काम जोरात चालते, तर भांगाच्या दिवसांत जाळी शिवणे व होड्यांची डागडुजी ही कामे होतात. खुंट रोवण्याच्या जागा कुळाकुळांत ठरलेल्या असत व त्या वारसाहक्काने चालत. पापलेट, सुरमई, रावस, घोळ या माशांसाठी खोल पाण्यात अन्य प्रकारची जाळी वापरतात. उथळ पाण्यात फेकण्याच्या जाळ्याला ‘पाग’ म्हणतात.

होडीच्या मालकास नाखवा, तिच्या चालकास तांडेल व इतरांस खलाशी म्हणतात. मिळकतीचे वाटे होडी, जाळे व माणसे यांच्या हिशेबाने पाडण्याची रीत होती. मासळी किनाऱ्यास लागली, की पुरुषांचे काम संपते व स्त्रियांचे सुरू होते. मासळी निवडणे, बोंबील वलांडीवर वाळत घालणे, बाजारात नेणे, भाव ठरविणे व पैसा राखणे हे सर्व कोळिणी करतात. घरातील आर्थिक व्यवहार स्त्रीच्या हाती असल्याने या समाजात तिला बरेच स्वातंत्र्य लाभले. वराकडून वधूपक्षास ‘देज’ देण्याची व विधवेने ‘पाट’ लावण्याची पूर्वापार प्रथा याच स्थितीशी सुसंगत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परळ–लालबाग भागात कापडगिरण्या उभ्या राहिल्या व कोकण आणि देशावरून हजारो कामगार तेथे आले. ताज्या मासळीप्रमाणेच सुके बोंबील, सुकट व जवळा हे त्यांच्या आहारातील स्वस्त व टिकाऊ पदार्थ ठरले. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या गिरणगावात कोळिणींचे बाजार बसले. १९३२ मध्ये लालबागच्या पेरू चाळीतील बाजार बंद पडला व कोळिणी आणि किरकोळ विक्रेते उघड्यावर आले. कायमची जागा मिळावी म्हणून त्यांनी गणपतीला नवस केला व जागा मिळाल्यावर १९३४ मध्ये तेथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू केला. त्या वर्षीच्या मूर्तीला कोळ्याचा वेश दिला होता, असे मंडळाच्या परंपरेत सांगतात. पुढे ‘लालबागचा राजा’ म्हणून प्रसिद्धी पावलेल्या या उत्सवाचे मूळ अशा प्रकारे मासळीबाजारासाठी चार हात जागा मिळविण्याच्या धडपडीत आहे.

समाजरचना व बोली : प्रत्येक कोळीवाड्याचा कारभार पाटील व पंच यांच्याकडे असे. तंटे मिटविणे, मासेमारीच्या जागांचे वाद सोडविणे, सण व जत्रा यांची व्यवस्था पाहणे ही त्यांची कामे होती. न्यायालये व पुढे सहकारी मच्छीमार संस्था आल्यावर त्यांचे अधिकार कमी झाले. या समाजाचा पहिला विस्तृत समाजशास्त्रीय अभ्यास विजया पुणेकर यांनी केला. सोनकोळ्यांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला.

कोळी बोली ही उत्तर कोकणातील मराठीचा एक प्रकार असून जॉर्ज ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (१९०५) तिची नोंद आहे. तीत ‘ण’ चा ‘न’ (पानी), ‘ळ’ चा ‘ल’ (काला) व ‘ड’ चा ‘र’ (घोरा) होतो. शब्दारंभीचा ‘व’ इ-कारापूर्वी लोप पावतो, उदा., ‘वीस’ ऐवजी ‘ईस’, ‘विस्तव’ ऐवजी ‘इस्तो’. वारे, प्रवाह, जाळ्यांचे भाग आणि माशांच्या वयानुसार बदलणारी नावे यांचा मोठा शब्दसंग्रह या बोलीत आहे. शालेय मराठीच्या प्रभावामुळे तरुण पिढीत बोलीचा वापर घरापुरता उरला असून व्यवसाय सोडलेल्या कुटुंबांतून हा शब्दसंग्रह प्रथम नाहीसा होतो.

धर्म, सण व चालीरीती : हिंदू कोळ्यांची प्रमुख कुलदेवता कार्ल्याची एकवीरा होय. चैत्रातील तिच्या जत्रेस मुंबईच्या कोळीवाड्यांतून पालख्या जातात. जेजुरीच्या खंडोबाचीही उपासना आढळते. वरळी कोळीवाड्यातील गोल्फादेवी हे स्थानिक दैवत असून तेथील मंदिर टेकडीवर आहे. श्रावण पौर्णिमेस नारळी पौर्णिमेचा सण साजरा होतो. पावसाळाभर ओढून ठेवलेल्या होड्या रंगवितात. सोनेरी कागदाने मढविलेला नारळ मिरवणुकीने नेऊन समुद्रास अर्पण करतात व त्याच्या शांततेची प्रार्थना करतात. पावसाळ्यात मासेमारी न करण्याची ही जुनी मर्यादा माशांच्या प्रजननकाळाशी जुळणारी आहे. शासनाने पुढे कायद्याने घातलेली पावसाळी बंदी मूलतः याच रूढीला अनुसरते. होळीला कोळी ‘हावलूबाय’ म्हणून मातृरूपात पाहतात. शिमग्यात होडीची पूजा व नाचगाणी होतात.

लग्नविधीत ‘धवलारीण’ या वृद्ध व जाणत्या स्त्रीस मानाचे स्थान असे. ती मंगल प्रसंगीची पारंपरिक गीते, म्हणजे ‘धवले’, गाऊन विधी चालवीत असे. हे धवले लिखित नसून मुखपरंपरेने एका धवलारणीकडून दुसरीकडे जात. ध्वनिवर्धक व वाद्यवृंद यांच्या प्रसारानंतर ही परंपरा क्षीण झाली. लग्नाच्या वेळी वधूच्या उजव्या हातातील बांगड्या समुद्रास अर्पण करीत व त्यानंतर ती त्या हातात बांगड्या घालीत नसे, असे जुन्या वर्णनांत आढळते. पतीचे दर्यापासून रक्षण व्हावे, हा त्यामागील हेतू. पुरुषांचा त्रिकोणी रुमालाचा कटिवेश व लाल टोपी, तसेच स्त्रियांचे घट्ट कासोट्याचे नऊवारी लुगडे हा पोशाख आता मुख्यतः सणासमारंभापुरता उरला आहे. वल्हविण्याच्या हालचालींवर आधारलेले कोळीनृत्य व कोळीगीते यांना महाराष्ट्रभर लोकप्रियता मिळाली. रंगभूमी व ध्वनिमुद्रिका यांतून जे कोळीजीवन सर्वपरिचित झाले, त्यात सणाचा उल्हास आहे. जाळ्याचे, कर्जाचे व जागेचे प्रश्न त्यात क्वचितच येतात.

किनाऱ्याचा प्रश्न : स्वातंत्र्योत्तर काळात यंत्रनौका, नायलॉनची जाळी, बर्फ व शीतगृहे यांमुळे मत्स्योत्पादन वाढले, परंतु भांडवलाची गरजही वाढली. यांत्रिक ट्रॉलर व पर्ससीन जाळी यांच्या स्पर्धेत लहान नौकांचे मासे कमी झाले. महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम (१९८१) व त्यानंतरचे निर्बंध यांचा उद्देश हा संघर्ष आटोक्यात ठेवण्याचा होता. शहराचे सांडपाणी व खाड्यांचे प्रदूषण यांमुळे किनाऱ्यालगतची मासेमारी आणखी घटली.

याहून बिकट प्रश्न जागेचा आहे. कोळ्यांचा हक्क वहिवाटीचा असून दस्तऐवजाचा नाही. घराखालील जमिनीची नोंद काही प्रमाणात सापडते. होड्या ओढण्याची पुळण, जाळी पसरण्याची व बोंबील वाळविण्याची मोकळी जागा, होडी बाहेर काढण्याचा जलमार्ग आणि खुंट रोवण्याचे पाणी यांची नोंद मात्र कोणत्याही सातबाऱ्यावर नसते. नकाशावर ही सर्व जागा रिकामी दिसते व रिकामी म्हणूनच ती प्रकल्पांस उपलब्ध होते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत बृहन्मुंबईतील कोळीवाड्यांची स्वतंत्र दखल घेऊन त्यांचे नकाशे करण्याची व तेथील घरांच्या पुनर्बांधणीची तरतूद करण्यात आली. राज्यशासनाने कोळीवाड्यांच्या सीमा आखण्याचे कामही हाती घेतले. या सीमांत केवळ घरे धरावयाची की व्यवसायास लागणारी मोकळी जागाही, हा वादाचा मुख्य मुद्दा आहे.

वरळीचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक ठरते. २००९ मध्ये वांद्रे–वरळी सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला. त्यानंतर मरीन ड्राइव्ह ते वरळी या सागरी किनारा मार्गाचे काम २०१८ मध्ये सुरू झाले व त्यासाठी किनाऱ्यावर मोठी भर घालण्यात आली. वरळीतील क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होड्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येत होते. खांबांमधील ६० मी. अंतर खवळलेल्या समुद्रात होडी सुरक्षितपणे नेण्यास अपुरे आहे, असे मच्छीमारांचे म्हणणे होते. त्यांनी होड्या आडव्या घालून काम रोखले. दीर्घ वाटाघाटींनंतर २०२३ च्या प्रारंभी हे अंतर १२० मी. करण्याचे शासनाने मान्य केले व मार्गाचा पहिला टप्पा मार्च २०२४ मध्ये खुला झाला. कोळ्यांची मागणी याहून अधिक अंतराची होती. तथापि प्रवाह, वारा व होडीचा कल यांविषयीचे त्यांचे परंपरागत ज्ञान एका मोठ्या प्रकल्पाच्या आराखड्यात बदल घडवून आणू शकले, ही या घटनेतील लक्षणीय बाब होय.

मुंबईच्या कोळ्यांतील अनेक तरुण आता नोकरी-व्यवसायांत स्थिरावले असून दर्यावर जाणाऱ्यांची संख्या घटली आहे. कित्येक नौकांवर खलाशी परप्रांतीय असतात. तरीही वरळी, माहीम, कुलाबा येथील कोळीवाड्यांत पाटीलकीचा मान, एकवीरेची पालखी व नारळी पौर्णिमेची मिरवणूक चालू आहे आणि दादर, लालबाग, गिरगाव येथील बाजारांत कोळिणींचे वाटे अजून लागतात. या समाजाची संस्कृती समुद्राशी असलेल्या दैनंदिन व्यवहारातून घडली आहे. होडी लावण्यास पुळण व मासळी वाळविण्यास अंगण जोवर आहे, तोवरच तिची बोली, गाणी व विधी यांना अर्थ राहील.